उतारवय आणि काठीचा उतार

स्कॉटलंडच्या राजखजिन्याच्या जुन्या हिशेबवह्यांत इ. स. १५०२ च्या सप्टेंबर महिन्यांतील एक लहानशी नोंद आहे. राजा चौथा जेम्स याच्यासाठीं पर्थ येथील धनुष्यकाराकडून काठ्या घेतल्या व त्याबद्दल त्याला १४ शिलिंग दिले, एवढाच तिचा आशय. गोल्फच्या काठ्या विकत घेतल्याचा हा सर्वांत जुना लेखी पुरावा समजतात. नोंद लहान असली तरी तिच्यांत गंमत भरपूर आहे. या जेम्सचा आजा दुसरा जेम्स याच्या अमदानींत १४५७ सालीं कायदा करून गोल्फवर बंदी घातली गेली होती; कारण लोक या खेळाच्या नादीं लागून धनुर्विद्येचा सराव सोडूं लागले होते, आणि इंग्रजांशीं लढण्यास तिरंदाज हवे होते. हीच बंदी १४७१ सालीं आणि पुन्हा १४९१ सालीं, म्हणजे खुद्द या चौथ्या जेम्सच्या कारकीर्दींत, नव्यानें पुकारण्यांत आली. पुढें १५०२ सालीं इंग्लंडशीं तह झाला, आणि त्याच वर्षीं हे बंदी पुकारणारे महाराज काठ्या विकत घेऊं लागले. आणि त्याही कोणाकडून, तर ज्याची विद्या टिकविण्यासाठीं बंदी घातली त्या धनुष्यकाराकडून!

यानंतर शंभर वर्षांनीं, १६०३ सालीं, सहाव्या जेम्सनें एडिंबरोच्या विल्यम मेन नांवाच्या धनुष्यकाराला तहहयात राजकारागीर नेमलें. त्या नेमणुकींत बाण, धनुष्यें, गोल्फच्या काठ्या आणि भाले करणें हीं चारही कामें एका दमांत सांगितलीं आहेत. धनुष्य आणि गोल्फची काठी एकाच हातून उतरावीं यांत नवल नाहीं. दोहोंचाही जीव लांकडाच्या लवण्यांत आहे. लांकूड किती वांकावें, कोठें वांकावें आणि वांकून परत केव्हां सरळ व्हावें, हें ज्याला बोटांनीं कळतें तोच तें काम करूं जाणे. आणि धनुष्यकाराला आणखीही एक गोष्ट ठाऊक असलीच पाहिजे. पंचविशीच्या तिरंदाजाला जें धनुष्य पेलतें तें साठीच्या तिरंदाजाला पेलत नाहीं. शिवधनुष्य उचलतांना रावणाची काय गत झाली हें आपल्याकडील पोरालाही ठाऊक आहे. तेव्हां धनुष्य विकण्यापूर्वीं गिऱ्हाइकाचा दंड पाहणें हा त्या धंद्याचा पहिला धडा असला पाहिजे.

हा इतिहास चाळण्याचें मला कारण पडलें तें माझ्या एका स्नेह्यांमुळें. ते निवृत्त इंजिनियर असून त्यांचें वय बहात्तर आहे, आणि पुण्यास गेलीं तीस वर्षें ते गोल्फ खेळत आले आहेत. मीं स्वतः कधीं काठी हातांत धरलेली नाहीं; सकाळच्या फिरण्याच्या निमित्तानें त्यांच्याबरोबर थोडें अंतर चालतों, इतकेंच. गेल्या वर्षीं त्यांच्या भाच्यानें अमेरिकेहून काठ्यांचा नवा संच आणून दिला. पहिल्याच दिवशीं सात नंबरच्या काठीनें मारलेला चेंडू त्यांच्या जुन्या सात नंबरपेक्षां वीसेक यार्ड पुढें गेला, आणि स्नेही लहान मुलासारखे हरखले. परंतु महिन्याभरांत त्यांचा चेहरा उतरला. चार आणि पांच नंबरच्या काठ्यांनीं चेंडू जमिनीलगत सरपटत जाई. आणि सात नंबरनें मारलेला चेंडू निशाणाजवळच्या हिरवळीवर बरोबर पडला तरी तेथें न ठरतां पलीकडे निघून जाई. “दांडा बदलूं कीं काय हो प्राध्यापक?” असा त्यांनीं मला प्रश्न केला. मला त्यांतलें कांहींच कळत नसल्यामुळें मीं आमच्या जातीच्या संवयीप्रमाणें पुस्तकें उघडलीं.

या खेळाशीं परिचय नसलेल्या वाचकांसाठीं येथें दोन शब्द सांगणें अवश्य आहे. गोल्फच्या काठीचे भाग दोन: दांडा आणि त्याच्या टोंकाचें डोकें. डोक्याची जी बाजू चेंडूवर आदळते ती भिंतीसारखी उभी नसून किंचित् मागें कललेली असते. या कलण्याला इंग्रजींत लॉफ्ट म्हणतात. आपण त्याला काठीचा उतार म्हणूं. हा उतार अंशांत मोजतात. लांब पल्ल्याच्या ड्रायव्हर नांवाच्या काठीला तो ९ ते १२ अंश असतो, तर वाळूंतून चेंडू काढण्याच्या काठीला ५५-५६. उतार कमी असला कीं चेंडू सखल व दूर जातो, जास्त असला कीं उंच व जवळ. तेव्हां उतारवयांतील खेळाडूपुढें प्रश्न दोनच: दांडा कोणता घ्यावा आणि उतार किती असावा. मला वाचनांतून जें दिसलें तें असें कीं, गेल्या शंभर वर्षांत गाजावाजा सारा दांड्याचा झाला; म्हाताऱ्या खेळाडूचें बरेंवाईट मात्र अधिक करून उतारावर अवलंबून राहिलें, आणि तिकडे फारसें कोणी पाहिलें नाहीं.

जुन्या काळीं काठी घेणें म्हणजे शिंप्याकडे माप देण्यासारखें होतें. डोकें बीच, सफरचंद किंवा नासपतीच्या लांकडाचें; दांडा आधीं अ‍ॅश किंवा हेझेल या झाडांचा आणि एकोणिसाव्या शतकांत अमेरिकेहून येणाऱ्या हिकरी लांकडाचा. दोहोंचीं टोंकें तिरकस तासून तीं सरसानें जोडीत आणि सांध्यावर डांबरी दोरा गच्च गुंडाळीत. सेंट अँड्रूज येथें ह्यू फिल्प आणि त्याच्यामागून त्याचा पुतण्या रॉबर्ट फॉर्गन यांचीं दुकानें या कामाबद्दल नांवाजलेलीं होतीं. दांडा प्रथम किंचित् जाड ठेवीत, आणि मग गिऱ्हाईक हातांत घेऊन हालवून पाही. ताठ वाटला तर तासणीनें आणखी चार साली काढीत. विटीदांडूचा दांडू आपल्या मनगटाच्या मापाचा करून घेण्यासाठीं सुताराच्या ओट्यावर तासन्‌तास बसलेल्या मुलांना हें सहज समजेल. अर्थात् वय वाढलेल्या माणसाला नरम दांडा हवा असला तर त्याला तसें कोणापुढें कबूल करावें लागत नसे. तो आपला हालवून पाही आणि मान डोलावी.

आणखी एक गोष्ट म्हणजे त्या काठ्यांवर आंकडे नसत. त्यांना नांवें असत: लांब स्पून, मधला स्पून, आंखूड स्पून, बॅफिंग स्पून, पुढें क्लीक, मॅशी, निब्लिक. एका कारागिराची मॅशी दुसऱ्याच्या मॅशीसारखी असेलच असें नव्हतें, आणि म्हणूनच ‘मी अमक्या नंबरनें इतके यार्ड मारतों’ अशी फुशारकी मारण्याची सोयही नव्हती. हें सुख केवढें होतें तें पुढें कळेल.

चेंडू त्या वेळीं पिसें ठासून भरलेल्या कातड्याचा असे. मुंबईस १८४२ सालीं गोल्फचा क्लब निघाला (कलकत्त्याचा त्याच्याही आधीं, १८२९ चा), तेव्हां तेथील साहेबमंडळी याच पिसांच्या चेंडूनें खेळत असली पाहिजेत. १८४८ च्या सुमारास मलायाकडील झाडाच्या चिकाचा, म्हणजे गट्टापर्चाचा, चेंडू आला. तो स्वस्त आणि टिकाऊ होता, पण टणकही होता. त्याच्या आघातानें नाजूक लांब नाकाचीं डोकीं फुटूं लागलीं आणि हळूहळू तीं आंखूड व जाड झालीं. या चेंडूवरून सेंट अँड्रूजचा प्रसिद्ध खेळाडू अ‍ॅलन रॉबर्टसन आणि त्याच्या हाताखालीं तयार झालेला टॉम मॉरिस यांच्यांत तेढ आली. रॉबर्टसनचा धंदा पिसांच्या चेंडूंचा. मॉरिस नव्या चेंडूनें खेळतांना दिसला, तेव्हां दोघांची फारकत झाली. १८५१ सालीं मॉरिस प्रेस्टविकला गेला, आणि तेथेंच १८६० पासून ओपन या नांवाची वार्षिक स्पर्धा सुरू झाली.

हा टॉम मॉरिस आपल्या विषयाचा मूळपुरुषच म्हणावा लागेल. चार वेळां त्यानें ती स्पर्धा जिंकली. चौथ्या वेळीं, १८६७ सालीं, त्याचें वय सेहेचाळीस होतें. इतक्या वयाच्या खेळाडूनें ती पुन्हा आजतागायत जिंकलेली नाहीं. दुसऱ्याच वर्षीं त्याचा सतरा वर्षांचा मुलगा, त्याचेंही नांव टॉमच, पहिला आला आणि बाप दुसरा. बापलेकांच्या नांवांचा घोटाळा होऊं नये म्हणून लोकांनीं त्यांना ‘म्हातारा टॉम’ आणि ‘तरणा टॉम’ म्हणावयास सुरुवात केली. तरण्या टॉमची ख्याति अशी कीं, गाडीच्या चाकोरींतून चेंडू काढण्याची जी लहान तोंडाची, भरपूर उताराची लोखंडी काठी असे, तिचा उपयोग तो हिरवळीवर चेंडू उंच टाकून जागच्या जागीं ठरविण्यासाठीं करी. अडचणींतून सुटण्याचें जें हत्यार तें त्यानें डावपेंचाचें केलें. उताराचें मोल ओळखणारा तो पहिला मोठा खेळाडू. आणि तो पुरता तरुण होता, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे. १८७५ सालीं बायको आणि नवजात मूल गेल्यावर थोड्याच महिन्यांत, नाताळच्या दिवशीं, चोविसाव्या वर्षीं तो वारला. म्हातारा टॉम त्याच्यामागें बत्तीस वर्षें जगला, आणि सत्तरी ओलांडल्यावरही त्या स्पर्धेंत नांव घालीत राहिला.

उताराच्या कामाचें शास्त्र मात्र खेळाडूंनीं सांगितलें नाहीं. तें सांगितलें एका प्राध्यापकानें. पीटर गथ्री टेट हे एडिंबरो विद्यापीठांत १८६० पासून पदार्थविज्ञान शिकवीत. स्वतः गोल्फचे वेडे, आणि त्यांचा मुलगा फ्रेडी हा १८९६ व १८९८ सालचा हौशी खेळाडूंचा विजेता. टेट यांना पडलेला प्रश्न साधा होता: चेंडू ज्या वेगानें सुटतो त्या वेगाच्या हिशेबानें तो जितका वेळ हवेंत राहावयास पाहिजे त्यापेक्षां पुष्कळच अधिक राहतो, तो कां? अनेक वर्षांच्या प्रयोगांनंतर त्यांनीं दाखविलें कीं, उतार असलेल्या काठीचा फटका बसतांच चेंडू पुढें जातांजातां उलटा, म्हणजे तळाकडून पुढें, भोंवतों. आणि या भोंवण्यामुळें हवा त्याला वर उचलून धरते. रॅकेटीनें तिरकस मारलेला चेंडू वळतो हें न्यूटननें पाहिलें होतें, आणि जर्मन शास्त्रज्ञ माग्नुस यानें फिरत्या पदार्थावरील हवेचा दाब अभ्यासिला होता. परंतु गोल्फच्या चेंडूला जणूं अदृश्य पंख असतात हें टेट यांनीं सिद्ध केलें. त्यांनीं गणितानें ठरविलेल्या कमाल अंतरापलीकडे फ्रेडीनें चेंडू मारून बापाला खोटें पाडलें, अशी एक आख्यायिका सांगतात. प्राध्यापकांविषयीं अशा आख्यायिका फार लवकर पसरतात, असा माझा अनुभव आहे! फ्रेडी १९०० सालीं बोअर युद्धांत पडला, आणि पुढच्याच वर्षीं टेटही गेले.

आतां या शास्त्राचा म्हातारपणाशीं संबंध पाहा. हवेनें उचलून धरण्याचें बळ चेंडूच्या वेगावर आणि भोंवण्यावर अवलंबून आहे. तरुणाच्या फटक्यांत काठीच्या डोक्याचा वेग ताशीं १०० मैलांच्या घरांत असला, तर सत्तरीच्या माणसाचा तो ८० किंवा त्याहूनही कमी भरतो. वेग घटला कीं वर उचलणारें बळ घटतें. तेव्हां चेंडूला हवेंत ठेवण्यास दुसरी कांहीं तरी सोय केली पाहिजे, आणि ती सोय म्हणजे तो मुळांतच अधिक उंच सोडणें, अर्थात् अधिक उताराची काठी घेणें. कमी उतार म्हणजे अधिक लांबी हें समीकरण बलवानाच्या बाबतींत कांहीं मर्यादेपर्यंत खरें आहे. दुबळ्याच्या बाबतींत तें उलटतें. नऊ अंशांच्या ड्रायव्हरनें त्याचा चेंडू जेथें पडतो त्याच्या पुढें तो तेरा अंशांच्या ड्रायव्हरनें पडूं शकतो. गर्व म्हणतो ‘कमी’, गणित म्हणतें ‘जास्त’. सत्तरीचा माणूस सहसा गर्वाचें ऐकतो.

न ऐकणारेही झाले. ऑस्ट्रेलियांत जन्मलेला आणि न्यू यॉर्ककडे स्थायिक झालेला वॉल्टर ट्रॅव्हिस यानें पस्तिशीच्या उंबरठ्यावर पहिल्यानें काठी धरली, आणि चार वर्षांत तो अमेरिकेचा हौशी विजेता झाला. चेंडू फार दूर मारणें त्याला कधींच साधलें नाहीं. तो सरळ मारी आणि चेंडू भोंकांत घालण्यांत त्याचा हातखंडा होता. १९०४ सालीं, बेचाळीसाव्या वर्षीं, सँडविच येथें ब्रिटिश हौशी स्पर्धेच्या शेवटच्या सामन्यांत त्याची गांठ पडली ती एडवर्ड ब्लॅकवेल या त्या काळच्या भीमाशीं. प्रत्येक होलवर ब्लॅकवेलचा चेंडू कितीतरी पुढें, आणि होलचा निकाल मात्र पुष्कळदां ट्रॅव्हिसकडे! त्याच्या हातांत स्केनेक्टडी नांवाची नव्या घाटाची पटर होती. तिचा दांडा डोक्याच्या टोंकाला नसून मध्यावर बसविलेला. ती योजना जनरल इलेक्ट्रिक कंपनींतल्या आर्थर नाइट या इंजिनियराची. १९१० सालीं सेंट अँड्रूजच्या नियामक मंडळानें असल्या पटरी बेकायदा ठरविल्या, आणि ती बंदी सुमारें चाळीस वर्षें टिकली. अमेरिकेच्या मंडळानें ती मानली नाहीं.

दैवाचा खेळ असा कीं, त्याच १९१० सालीं त्याच आर्थर नाइटला पोलादी नळीच्या दांड्याचें पेटंट मिळालें. लढाईनंतर खेळाडू वाढले आणि चांगली हिकरी मिळेनाशी झाली. अमेरिकेनें १९२४ सालीं पोलादी दांडा मान्य केला, सेंट अँड्रूजनें १९२९ सालीं. बॉबी जोन्स यानें १९३० सालीं चार मोठ्या स्पर्धा एका वर्षांत जिंकल्या त्या हिकरीच्या काठ्यांनीं. आणि १९३१ सालीं बिली बर्क यानें पोलादी दांड्यांनीं अमेरिकेची ओपन जिंकली. हिकरीचा अंमल संपला तो इतक्या चटकन.

पोलादानें खेळाडूचें हित केलें यांत शंका नाहीं. हिकरीचा दांडा नुसता वांकत नसे, तो पिळतही असे. तो पीळ सुटेपर्यंत हात आवरून धरण्याची कला पोलादामुळें अनावश्यक झाली. शिवाय एक दांडा दुसऱ्यासारखा, हजार दांडे एकासारखे. परंतु याच गुणाबरोबर काठी मापाच्या कपड्यांतून निघून तयार कपड्यांच्या दुकानांत गेली. मॅशी-निब्लिक हीं नांवें जाऊन एक ते नऊ असे आंकडे आले. संच फुगत चालले म्हणून १९३८ सालीं अमेरिकेनें आणि १९३९ सालीं सेंट अँड्रूजनें एका खेळाडूस चौदाच काठ्या, अशी मर्यादा घातली. दांडे तासतां येईनात, म्हणून त्यांच्या ताठपणाच्या प्रती पाडून त्यांवर अक्षरें छापण्याचा प्रघात पडला: ‘एल’ स्त्रियांसाठीं, ‘ए’ वयस्कांसाठीं, ‘आर’ सर्वसाधारण, ‘एस’ ताठ आणि ‘एक्स’ अति ताठ. ‘एस’ म्हणजे ‘सीनियर’ असें समजून सर्वांत चुकीचा दांडा घरीं नेणारे म्हातारेही आढळतात. या अक्षरांना सर्व कारखान्यांचें मिळून एक प्रमाण नाहीं. एकाचा ‘आर’ तो दुसऱ्याचा ‘ए’ असूं शकतो. तरीही ‘आर’ वरून ‘ए’ वर उतरणें म्हणजे आपल्या वार्धक्याच्या दाखल्यावर स्वतः सही करणें, असें पुष्कळांस वाटतें. फॉर्गनच्या दुकानांत जें मान डोलावून होत असे तें आतां छापील झालें.

दांड्याची तिसरी क्रांति कार्बनच्या तंतूंची. १९६९ सालीं अमेरिकेंत फ्रँक थॉमस या तरुण इंजिनियरानें पहिला ग्रॅफाइट दांडा तयार केला. पहिले ग्रॅफाइट दांडे महाग असून फार पिळत. सुधारतां सुधारतां ते ड्रायव्हरांत सर्वत्र झाले. पोलादी दांडा सामान्यतः १०० ते १३० ग्रॅम भरतो, ग्रॅफाइटचा ५० ते ७०. हा वजनांतला फरक म्हाताऱ्या खांद्यांना खरोखर उपकारक आहे. अठरा होल संपतां संपतां हात जड होतात ते कमी होतात, आणि सांध्यांना बसणारा हादराही मऊ होतो. माझें मत विचाराल तर दांडा निवडतांना आधीं वजन पाहावें, अक्षर मागून.

कारण अक्षराचा महिमा वाटतो तेवढा नाहीं. ब्रिटनमध्यें अ‍ॅलस्टर कॉक्रन आणि जॉन स्टॉब्स यांनीं शास्त्रज्ञांच्या एका मंडळाचें संशोधन १९६८ सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध केलें. चेंडू आणि काठी यांची भेट सुमारें अर्ध्या सहस्रांश सेकंदाची असते, आणि तेवढ्या वेळांत दांड्यांतून खेळाडूच्या हातांचा कांहींच परिणाम चेंडूपर्यंत पोंचत नाहीं, असें त्यांत दाखविलें आहे. डोक्याजवळ बिजागरी बसविलेल्या काठीनेंही चेंडू जवळ जवळ तितकाच चांगला जातो, हा त्यांतला प्रयोग वाचून मला मौज वाटली. म्हणजे दांड्याचें काम डोकें वेळेवर आणि नीट चेंडूपर्यंत नेऊन सोडणें. पालखीचे भोई चांगले असावेत हें खरें. पण दर्शन व्हावयाचें तें मूर्तीचें. तेथून पुढें काय घडतें तें सारें उताराच्या हातीं.

आणि नेमका उतारच कोणाला न सांगतां बदलत गेला. विसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास सात नंबरच्या लोखंडी काठीचा उतार ३८-३९ अंशांच्या आसपास असे. आज सामान्य खेळाडूंसाठीं विकल्या जाणाऱ्या कित्येक संचांत तो २८ ते ३० आहे, आणि दांडाही अर्ध्या-पाऊण इंचानें लांब झाला आहे. यांत सगळी लबाडीच आहे असें म्हणतां येणार नाहीं. कार्स्टन सोल्हाइम (हाही मूळचा जनरल इलेक्ट्रिकचाच इंजिनियर!) यानें डोक्याचें वजन मध्यावरून काढून कडांकडे नेलें, पुढें इतरांनीं तें अधिकाधिक खालीं नेलें, तेव्हां त्याच उतारानें चेंडू अधिक उंच जाऊं लागला, आणि तो पूर्वीच्या उंचीवर आणण्यासाठीं उतार कमी करणें कांहीं अंशीं रास्त होतें. पण कारण कांहींही असो. पांच नंबरच्या काठीवर सात हा आंकडा घालून ती विकली तर गिऱ्हाइकाला आपण तरुण झालों असें वाटतें, हें कारखानदारांना कळून चुकलें. माझ्या स्नेह्यांचे वीस यार्ड हे असे आले होते.

नियम करणाऱ्यांचें धोरण येथें विचार करण्यासारखें आहे. सॅम स्नीड हा अमेरिकेचा थोर खेळाडू. बावन्नाव्या वर्षीं, १९६५ सालीं, त्यानें व्यावसायिकांची मोठी स्पर्धा जिंकली. हात कांपूं लागले तेव्हां तो पाय फांकून, भोंकाकडे तोंड करून पटर चालवी. १९६८ च्या नियमानें तें बंद झालें. पटरीचें टोंक छातीशीं किंवा पोटाशीं टेंकून मारण्याची सोय २०१६ पासून गेली. ज्या ज्या युक्तींत कांपऱ्या हाताला आधार आहे ती ती संशयित, असें एकंदरींत दिसतें. पण पटर सोडली तर, इतर काठीला उतार किती जास्त असावा याला नियमांत अडकाठी नाहीं. चौदा अंशांचा ड्रायव्हर घ्या, चोवीस अंशांची लांकडी घाटाची काठी घ्या. कोणी हरकत घेणार नाहीं. ही एकच वाट सदोदित उघडी राहिली, आणि तिच्यावरून जाण्यास माणसें लाजतात.

तारुण्याचा भरंवसा धरणाऱ्यांना वारा कसा वठणीवर आणतो याचें उदाहरण हॅरी वार्डनचें. सहा वेळां ओपन जिंकलेला हा पुरुष १९२० सालीं, पन्नासाव्या वर्षीं, अमेरिकेच्या ओपनमध्यें शेवटच्या कांहीं होलपर्यंत पुढें होता; एकाएकीं सुटलेल्या सोसाट्यापुढें त्याचें बळ पुरलें नाहीं आणि एका फटक्यानें त्याचा विजय हुकला. पण नेहमीं बळच कमी पडतें असेंही नाहीं. २००९ सालीं टर्नबेरी येथें टॉम वॉटसन एकोणसाठ वर्षांचा असतांना ओपनच्या शेवटच्या होलवर एका फटक्यानें पुढें होता. म्हाताऱ्या टॉमचा विक्रम तेरा वर्षांनीं मोडावयाचा होता. त्यानें आठ नंबरची काठी घेतली आणि फटकाही उत्तम बसला. चेंडू हिरवळीवर पडून पलीकडे उतरला. तेथून त्याला तीन फटके लागले, बरोबरी झाली, आणि पुढच्या चार होलांत स्ट्यूअर्ट सिंक जिंकला. एकोणसाठाव्या वर्षीं त्या माणसाचा चेंडू कमी नव्हे, जास्त गेला.

हें सारें वाचून झाल्यावर मीं स्नेह्यांना सुचविलें कीं, दांड्याचें मागून पाहूं. आधीं दोन्ही संचांचे उतार मोजून आणा. ते हाडाचे इंजिनियर. काठ्या घेऊन तडक दुकानांत गेले आणि संध्याकाळीं वहीच्या पानावर कोष्टक करून घेऊन आले. जुनी सात नंबर ३८ अंश, नवी २९. जुनी पांच नंबर ३०. नवी चार नंबर साडे-एकोणीस अंश, म्हणजे त्यांच्या जुन्या दोन नंबरपेक्षांही उभी. आणि ती दोन नंबर चाळिशींतही आपल्याला कधीं जमली नाहीं, असें त्यांनीं प्रांजळपणें सांगितलें. मग चार आणि पांच नंबरच्या काठ्या घरीं राहिल्या, आणि त्यांच्या जागीं २१ व २४ अंशांच्या दोन लांकडी घाटाच्या काठ्या आल्या. ड्रायव्हर साडेदहाचा जाऊन साडेबाराचा आला. त्याचा दांडा हलका, ‘ए’ अक्षराचा. सहा आणि सात नंबरच्या काठ्या त्यांनीं दुकानांत दोन-दोन अंश मागें वांकवून घेतल्या. जुना पल्ला परत आलेला नाहीं. त्यांचा ड्रायव्हर पूर्वीपेक्षां आठ-दहा यार्ड पुढें जातो. सात नंबर मात्र तेवढाच मागें पडतो, पण चेंडू पडतो तेथें ठरतो.

एक फरक मात्र माझ्या सुचवण्यांत नव्हता. त्यांनीं प्रत्येक काठीच्या तळच्या आंकड्यावर कागदाची पट्टी चिकटवून तिच्यावर शाईनें अंश लिहिले आहेत. बरोबरचे खेळाडू विचारतात, “कोणती घेतली साहेब, सात कां?” आणि हे काठी उलटी करून, चष्मा सांवरून सांगतात, “एकतीस.”